पेपर कुणी लिहिला?

माझं नाव पुकारलं तेव्हा मी चप्पल काढून स्टेजवर गेले. गावच्या शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये गुणगौरव समारंभ होता. दरवर्षी निकाल लागले की होतो. दहावी-बारावी पास झालेल्या पोरांना शाल, नारळ, ट्रॉफी. मग पाहुण्यांची भाषणं, मग पोहे. आईनं मला तिचीच साडी नेसवली होती. मागच्या चार रांगा आमच्या वस्तीच्या, पुढच्या खुर्च्या बागायतदारांच्या. मला बारावीला एकसष्ट टक्के पडले होते. आमच्या वस्तीवरून बारावी पास झालेली मी पहिली मुलगी.

आप्पा प्रमुख पाहुणे होते. आप्पा म्हणजे आमच्या गावचे मोठे बागायतदार, कारखान्याचे संचालक. माझे वडील त्यांच्याच ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. मी वडिलांना नाना म्हणते.

आप्पांनी शाल उलगडली. माझ्याकडं बघितलं. मग माइकमध्ये म्हणाले, "थांबा. हिचा पेपर आमच्या सईनं लिव्हलाय. सई, वर ये गं."

सई त्यांची पुतणी. अकरावीला होती. ती खाली मान घालून वर आली.

आप्पा म्हणाले, "पेपर लिव्हला हिनं, आन् नारळ घ्यायचा तिनं? आसा न्याय आसतो का कुठं?"

सगळं शेड हसलं. पुढच्या खुर्च्या आधी हसल्या, मग मागच्या. आप्पांनी शाल सईच्या अंगावर टाकली. नारळ तिच्या हातात. ट्रॉफी तिच्या हातात. सई शाल काढायला गेली तर त्यांनी तिचा खांदा दाबला आणि फोटोग्राफरकडं वळवलं. मी तिथंच उभी. हात पुढं केलेले होते, ते मागं घ्यायचे कसे हे कळेना.

मग त्यांनी स्वतःच्या खिशातलं पेन काढलं, माझ्या हातात ठेवलं. "आता तरी लिव्हायला शीक बाळ."

टाळ्या वाजल्या. मी नानांना शोधलं. ते शेडच्या खांबापाशी उभे होते, आप्पांच्या गाडीची किल्ली हातात घेऊन. ते टाळ्या वाजवत होते. किल्ली बोटात अडकवून, नीट, सगळ्यांच्या बरोबरीनं.

बाकी सगळं मी पुढं कधीतरी विसरेन. ते विसरणार नाही.

आता हे सांगायला हवं की पेपर कुणी लिहिला.

मला वाचता येत नाही असं नाही. येतं, पण फार उशिरा येतं. सुटं अक्षर ओळखते. जोडाक्षर आलं की अडकते. 'विद्यार्थी' हा शब्द घ्या. त्यात द आणि य एकमेकांत घुसलेले, वर रफार, तो कुठल्या अक्षराचा ते शोधावं लागतं, शोधेपर्यंत पहिली वेलांटी विसरलेली असते. तोवर शेजारची पोर पान उलटते. लिहिताना तर काना एकीकडं आणि मात्रा दुसरीकडं. शाळेत मला 'बंद घड्याळ' म्हणायचे. गुरुजी वहीवर लाल रेघोट्या मारायचे आणि पट्टी हातावर. पाचवीत एका गुरुजींनी माझी वही वर्गभर फिरवली होती, प्रत्येकानं बघून हसायचं म्हणून. मी पण हसले होते. न हसून करते काय.

आठवीत एक नवीन बाई आल्या. त्यांनी मला फळ्यापाशी उभं करून तोंडी प्रश्न विचारले. एकामागून एक. मी सगळे सांगितले. बाई खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "तुला येतंय की गं सगळं." मला असं आधी कुणी म्हणालं नव्हतं. मी घरी जाऊन आईला तीनदा सांगितलं.

बाईंनीच नानांना बोलावून समजावलं. याला अध्ययन अक्षमता म्हणतात. वेड नाही, आळस नाही. पुण्याच्या सरकारी दवाखान्यात तपासणी होते, दाखला मिळतो, मग परीक्षेला लेखनिक घेता येतो. मी सांगायचं, त्यानं लिहायचं. नानांनी पाच वेळा रजा मागितली. आमचं गाव शिरूर तालुक्याच्या खालच्या टोकाला, मांडवगण फराट्याच्या बाजूला. पहाटे निघून पुण्याला जायचं आणि 'पुढच्या बुधवारी या' ऐकून यायचं. आप्पा नानांना म्हणायचे, "पोरीच्या डोक्याचा दाखला काढतूस व्हय? लगीन जमंल का मग तिचं?" नाना हसायचे. पण दाखला काढला त्यांनी. हे त्यांनीच केलं, हे मी कधी नाकारणार नाही.

आणि अभ्यास. अभ्यास पण नानांनीच करून घेतला. ते नववीपर्यंत शिकलेले. संध्याकाळी ट्रॅक्टर लावून आले की ओट्यावर बसायचे, माझं पुस्तक मांडीवर, फोन समोर. धडा मोठ्यानं वाचायचे आणि रेकॉर्ड करायचे. इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र. 'धर्मनिरपेक्षता' आलं की थांबायचे. "धर्म... निर... आयला... धर्मनिरपेक्षता." ते 'आयला' पण रेकॉर्ड व्हायचं. मध्येच खोकला, मध्येच आईची हाक. प्रत्येक धड्याच्या शेवटी विचारायचे, "आलं का ध्यानात?"

सुट्टीला मी दिवसभर झेंडूच्या रानात फुलं तोडायचे आणि कानात नाना. एकेक धडा वीस-वीस वेळा. "आलं का ध्यानात?" म्हटलं की मी फुलांना "व्हय" म्हणायचे. बायका हसायच्या. बारावीचा सगळा अभ्यास माझ्या डोक्यात नानांच्या आवाजात आहे, अजून आहे.

परीक्षेला लेखनिक खालच्या वर्गातला लागतो असा नियम आहे. शाळेनं सईला विचारलं. ती तयार झाली, आप्पांनी परवानगी दिली. तेव्हापासून गावात बोललं जायचं, आप्पांनी आपली पोर दिली हिच्यासाठी. जणू आमच्या घरी कायमची दिली.

सई चांगली होती. अक्षर सुंदर. पण तिला बारावीचं काय येणार? मी एकेक वाक्य सांगायचे, ती लिहायची. एका प्रश्नाला मी अडकले तेव्हा सईच्या पेनाखाली अर्धं पान कोरं राहिलं. कोरंच राहिलं. ती एक शब्द स्वतःचा घालू शकत नव्हती, आणि तिनं घातला नाही. पर्यवेक्षक बाई शेजारीच बसून होत्या. शेवटच्या पेपरला माझा घसा बसला होता, सईचं बोट सुजलं होतं. आम्ही दोघींनी बाहेर येऊन एकच बर्फाचा गोळा खाल्ला.

गुणगौरवाच्या दुसऱ्या दिवशी सई आमच्या घरी आली. कॅरीबॅगमध्ये शाल होती. म्हणाली, "ताई, मी नव्हतं सांगितलं आप्पांना. खरंच." रडत होती. मी तिला पाणी दिलं आणि शाल परत पाठवली. शालीचं मी काय करू? पांघरायला आमच्या घरात रग आहेत. मला ती तिथं हवी होती, त्या माणसांच्या समोर.

नाना त्या दिवशी जेवताना म्हणाले, "मोठ्या मानसाची चेष्टा आसती. मनावर घ्यायचं नसतं."

मी विचारलं, "नाना, पेपर कुणी लिहिला?"

ते म्हणाले, "तुला ठावं हाय, मला ठावं हाय. लोकांचं काय करायचंय?"

मी ताटावरून उठले. त्या दिवसापासून मी त्यांना रेकॉर्डिंग मागितलं नाही. तसंही आता पुस्तक कुठलं वाचायचं होतं? बारावी संपली होती.

बारावी संपली की पुढं काय, हे पोरांना गावात सगळे सांगतात. मुलगा असेल तर रांजणगावच्या एमआयडीसीत कंपनी, नाहीतर भरती. मुलगी असेल तर नर्सिंग, नाहीतर लग्न. हुशार असेल तर पुणे. माझ्यासारखीनं काय करायचं, हे कुणालाच माहीत नव्हतं. शिरूरच्या सायबर कॅफेत मी विचारलं, दाखला दाखवला. तो पोरगा दाखला उलटा करून बघायला लागला. म्हणाला, "ताई, हातपाय तर नीट हायेत. ह्याच्यात काय बसत न्हाई." मावशीनं केंदूरचं स्थळ आणलं. ती आईला म्हणाली, "त्यांना लई शिकल्याली नकोच हाय. ही चालंल." मी तिथंच भाजी निवडत बसले होते.

मला काय हवं होतं ते मला माहीत होतं. वस्तीवरच्या विहिरीची मोटार बंद पडली की मला बोलवायचे. लहानपणी एका मिस्त्रीला बॅटरी धरून उभी राहायचे, तेव्हापासून. स्टार्टरचं झाकण उघडलं की कुठली वायर कुठं जाते ते मला दिसतं. कागद मला दमवतो. पॅनल दमवत नाही. मला इलेक्ट्रिशियन व्हायचं होतं. आठवीतल्या त्या बाईंना फोन केला. त्यांची तोवर बदली झाली होती, तरी फोनवर एकेक रकाना सांगून त्यांनी माझा आयटीआयचा फॉर्म भरून घेतला. दौंडच्या एका संस्थेत नंबर लागला. आम्हाला तालुका शिरूर, पण बाजारहाट आणि रेल्वे दौंडचीच जवळ. रोज जाऊन-येऊन जमणार होतं.

नानांना सांगितलं. ते म्हणाले, "आप्पांच्या कानावर घालतो. ओळख आसली की बरं आसतं." मी नको म्हणाले. त्यांनी घातलंच. आमच्याकडं कुठलंही काम आप्पांच्या फोनाशिवाय करायचं म्हणजे माणसांना उघड्यावर गेल्यासारखं वाटतं. दवाखाना असो, मीटर असो, पोलीस पाटलाचा दाखला असो. सरळ दारातून आत जाता येतं हे आम्हाला खरंच वाटत नाही. नानांची चूक तेवढीच. ती एकट्या नानांची नाही.

कागद तपासायला नाना माझ्याबरोबर दौंडला आले. ऑफिसातले क्लार्क शांत, सभ्य माणूस. आम्हाला चहा सांगितला. माझा दाखला वाचला, दोनदा वाचला. मग एक कागद पुढं सरकवला. म्हणाले, "सही करा."

मी म्हणाले, "वाचून दाखवा."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "हे वाचता येत नाही? मग इलेक्ट्रिशियन कशी होणार? डेंजरचा बोर्ड कसा वाचणार?"

"त्याच्यावर कवटी असते," मी म्हणाले.

शेजारच्या टेबलावरच्या बाई फिसकन हसल्या. क्लार्क हसले नाहीत. त्यांनी कागद वाचला. मी परीक्षेला लेखनिक, वाचून दाखवणारा माणूस, जादा वेळ किंवा कोणतीही सवलत मागणार नाही, मागितल्यास माझा प्रवेश रद्द करावा, असं मी राजीखुशीनं लिहून देते.

"आमच्याकडं ही सोय नाही," ते म्हणाले. "पुढं तुम्ही भांडत याल, म्हणून आधीच लिहून घेतो. सही केली की ॲडमिशन झालं."

नाना लगेच म्हणाले, "दे सही. कशाला तंटा?"

मी म्हणाले, "नाना, सही केली तर पास कशी होऊ?"

"मागनं बघू की."

क्लार्कनी घड्याळ बघितलं आणि फोन लावला. "थांबा, तुमच्या आप्पांशीच बोला. त्यांनीच शब्द टाकलाय." फोन टेबलावर, स्पीकरवर. ऑफिसात आणखी आठ-दहा पोरं, त्यांचे आईबाप, सगळे ऐकत होते.

आप्पांचा आवाज आला. "अगं बाळ, दे ना लिहून. काय जातंय तुझं? दुसऱ्याच्या हातानं कुठवर पास होत ऱ्हाशील?"

मी भ्याले, खोटं कशाला सांगू. पण त्या क्षणी मला ते शेड दिसलं, आणि मला कळलं की आता जर सही केली तर त्या दिवशीचं त्यांचं बोलणं मी स्वतःच खरं करणार. ते म्हणाले होते तसंच होणार. पेपर माझा नव्हता, हे माझ्याच सहीनं.

मी फोनकडं वाकून बोलले. "आप्पा, ते एकसष्ट टक्के माझे हायेत. सईनं हात दिला, बोलले मी. तवा शाल माझी होती. तुमी चुकलात. चारचौघांत चुकलात म्हणून मी चारचौघांत सांगते."



मग नाना पुढं झाले. त्यांनी दोन्ही हात फोनपुढं जोडले. तिकडून दिसत नव्हतं, तरी जोडले. म्हणाले, "आप्पा, माफ करा. पोरगी येडी हाय."

पाच वेळा पुण्याला नेऊन 'वेडी नाही' असा दाखला आणलेला माणूस. तो दाखला तिथंच टेबलावर पडला होता.

मी रडले नाही. रडायला मी नंतर भरपूर वेळ काढला. तेव्हा क्लार्कना एवढंच म्हणाले, "साहेब, मी लिहून देणार न्हाई. तुम्ही लिहून द्या. सवलत मागते म्हणून हिला प्रवेश नाकारला, असं लिहा. खाली सही करा, शिक्का मारा. मी घेऊन जाते."

त्यांनी पेन उचललं. ठेवलं. तो छापील कागद मागं ओढून ड्रॉवरमध्ये टाकला आणि म्हणाले, "प्राचार्य नाहीत आज. सोमवारी या."

परतताना वडापच्या, माणसं भरून जाणाऱ्या जीपमध्ये नाना पुढं ड्रायव्हरशेजारी बसले. मी मागं. भीमेच्या पुलावरून खाली उतरेपर्यंत त्यांनी एकदाही मागं वळून बघितलं नाही. घरी आईनं विचारलं, "झालं का?" मी म्हणाले, "सोमवारी."

सोमवारी मी एकटी गेले. प्राचार्य नव्हते. त्याच्या पुढच्या सोमवारी होते, पण मीटिंग होती. मी बाकावर बसून राहिले. प्रत्येक वेळी एकच मागितलं. प्रवेश द्या, नाहीतर नकार लेखी द्या. तिसऱ्या सोमवारी प्रवेश दिला. कुणी लिहून मागितलं नाही. कुणी चांगलंही बोललं नाही.

त्याच आठवड्यात आप्पांनी नानांकडून ट्रॅक्टरची किल्ली काढून घेतली. एकोणीस वर्षांची नोकरी. भांडण नाही, शिवी नाही. "पोरगी लई शिकली तुझी. आता आराम कर," एवढंच. नाना आता दुसऱ्याचा पिकअप चालवतात, शिरूरच्या मार्केट यार्डात माल नेतात. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. जेवताना माझ्याकडं न बघता भाकरी मोडतात आणि हात धुवून ओट्यावर जातात. त्याच ओट्यावर, जिथं बसून वाचायचे.

आता मी फोनमधलं वाचून दाखवणारं ॲप वापरते. त्यातली बाई न अडखळता वाचते. कुठंही थांबत नाही, खोकत नाही, शेवटी काही विचारत नाही. मला विषय समजतो. पण माझं मन लागत नाही, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आज पहिल्यांदा सांगते आहे. मी बोलते आहे आणि वर्गातली मैत्रीण टाइप करते आहे. ती मघापासून डोळे पुसते आहे, तिला मी म्हणाले, रडू नको, टाइप कर.

पुढच्या महिन्यात पहिल्या वर्षाची परीक्षा आहे. वाचून दाखवणाऱ्या माणसासाठी मी अर्ज दिला आहे. पोच घेतली आहे. नाही म्हणाले तर लेखी मागणार. लेखी दिलं तर ते घेऊन वर जाणार. आमच्या तुकडीत आणखी एक मुलगी आहे, वायरची जोडणी माझ्यापेक्षा नीट करते आणि कागद समोर आला की पोट दुखतं म्हणून बाहेर पळते. तिला मी विचारलं, दाखला काढलास का? ती म्हणाली, घरचे नको म्हणतात. तिच्या घरी मी जाणार आहे.

काल नाना माझ्याशी बोलले. किती महिन्यांनी. मी पुस्तक घेऊन बसले होते, ते दारात उभे राहिले.

"उद्या आप्पांकडं जातोय. ते म्हंत्यात, झालं गेलं सोडून देऊ. फकस्त पोरीला घिऊन ये. तू एकदा पाया पड. मी बी पडतो तुझ्यासंगं."

त्यांचा आवाज तोच होता. माझ्या डोक्यात अख्खी बारावी ज्या आवाजात आहे, तो.

मी म्हणाले, "नाना, मी न्हाई येणार."

"माझ्यासाठी तरी."

मी त्यांच्याकडं बघितलं. म्हातारे दिसायला लागले आहेत. पिकअपमध्ये क्रेट चढवून खांदा दुखावलाय, दुसऱ्या हातानं तो दाबत उभे होते. मला उठून त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. उठले असते तर आज त्यांच्याबरोबर गेले असते. म्हणून उठले नाही.

आज ते एकटे जातील. मी त्यांना अडवणार नाही. तो त्यांचा माथा आहे, कुठं टेकवायचा ते त्यांनी ठरवावं. मी मात्र जाणार नाही. त्यांच्यासाठीसुद्धा जाणार नाही.